मुका मार, दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी आणि चौथ्या दिवशी कोसळलेलं बीपी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ३४ वर्षांचा ऊसतोड मजूर. मराठवाड्यातून मुकादमाची उचल घेऊन बायकोसोबत पश्चिम महाराष्ट्रात हंगामाला आलेला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; आजाराचा क्रम आणि आम्ही घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत.

संध्याकाळी फडात ट्रॉली भरत असताना ती उतारावरून मागे सरकली आणि हा तिच्या आणि बांधाच्या मध्ये सापडला. दाब आला तो छातीच्या खालच्या भागावर आणि पोटाच्या वरच्या भागावर, आणि बाकीच्यांनी ट्रॉली रेटून त्याला मोकळं करेपर्यंत तो दोन-तीन मिनिटं तसाच राहिला. बाहेरून जखम म्हणावी अशी काही नव्हती. बरगड्यांवर खरचटलेलं आणि पोटावर ट्रॉलीच्या कडेचा लाल वळ, इतकंच. जवळच्या डॉक्टरांनी सलाईन लावून वेळ न घालवता पुढे पाठवलं आणि दोन तासांत तो पिकअपमधून आमच्याकडे पोचला.

आमचं रुग्णालय तालुक्याच्या गावचं. सीटी स्कॅन आहे, लहानसं आयसीयू आहे, रक्तपेढी गावातच आहे. रक्तवाहिनीत नळी घालून रक्तस्राव बंद करण्याची, म्हणजे अँजिओएम्बोलायझेशनची सोय मात्र दीड-दोन तासांवरच्या शहरात. पुढचे बरेच निर्णय या अंतराच्या हिशेबाने झाले.

आला तेव्हा शुद्धीवर होता, नीट बोलत होता. नाडी ११८, बीपी ९६/६०, श्वास २८, ऑक्सिजन ९३ टक्के. उजव्या छातीत थोडं रक्त साचलेलं, सोनोग्राफीत यकृताच्या खाली पातळ रेघेएवढं रक्त. एक लिटर सलाईन आणि दोन पिशव्या रक्त दिल्यावर बीपी ११२/७० वर स्थिरावलं आणि आम्ही सीटीला नेलं.

पहिल्या दिवसाचा सीटी

उजव्या ८ ते ११ क्रमांकाच्या बरगड्या मोडलेल्या, यकृताच्या मागच्या भागात मध्यम आकाराची चीर, कमरेच्या पहिल्या मणक्याचा आडवा काटा तुटलेला. हे सगळं माराच्या दिशेशी जुळणारं होतं. त्याखाली अहवालात एक ओळ होती: उजव्या ॲड्रिनल ग्रंथीच्या जागी ३.४ × २.६ सेंटिमीटरची लंबगोल गाठ, घनता ५८ हाउन्सफील्ड एकक, भोवतालच्या चरबीत धूसरपणा. रक्त साकळलेलं असण्याची शक्यता, मूळचा ट्युमर नाकारता येत नाही. आणि त्यानंतर अर्धंच वाक्य: डावी ग्रंथी किंचित जाड.

या प्रकरणाचं सगळं वजन पुढे त्या अर्ध्या वाक्यावर आलं. पण आधी ही ग्रंथी मुक्या माराने दुखावते कशी, हे पाहायला हवं, कारण ती असते अत्यंत सुरक्षित जागी. मूत्रपिंडाच्या डोक्यावर, बरगड्यांच्या आड, चरबीच्या गादीत. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. म्हणूनच मार लागलेल्या ज्या रुग्णांचे सीटी होतात त्यांतल्या साधारण शंभरात एक-दोघांमध्येच ही दुखापत दिसते. शवविच्छेदनांच्या जुन्या अभ्यासांत मात्र हे प्रमाण पावपट, म्हणजे २५ टक्क्यांच्या आसपास सापडलं आहे. या तफावतीचं कारण उघड आहे: जिथे ॲड्रिनलपर्यंत मार पोचतो तिथे वाटेतल्या बाकीच्या अवयवांनीही बराच मार खाल्लेला असतो. ॲड्रिनलमधलं रक्त हा माराच्या जोराचा पुरावा म्हणून वाचावा, असं मी निवासी डॉक्टरांना सांगतो, ते यासाठी.

दुखापतींत उजवी बाजू सुमारे तीन चतुर्थांश वेळा असते. उजवी ग्रंथी यकृत आणि पाठीचा कणा यांच्या बेचक्यात चिरडली जाते, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त पटतं. उजव्या ॲड्रिनलची शीर अगदी आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते. पोटावर अचानक दाब आला की महाशिरेतला दाब उसळतो आणि तो तसाच उलटा ग्रंथीत शिरतो. डावीची शीर लांब असते, ती मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, त्यामुळे तिला थोडा आडोसा मिळतो. त्यातून या ग्रंथीची रक्ताची रचनाच विचित्र. तीन धमन्या बारीक-बारीक फांद्या करून रक्त आत आणतात आणि बाहेर न्यायला शीर एकच. वर नळ पूर्ण सोडलेला आणि मोरीचं भोक मात्र एकच, ते तुंबलं की पाणी जाणार कुठे? मार लागल्यावर मेंदूकडून एसीटीएच हे ॲड्रिनलला कामाला लावणारं संप्रेरक जास्त सुटतं, त्याने ग्रंथीकडे येणारं रक्त आणखी वाढतं. म्हणून ग्रंथीतला रक्तस्राव पहिल्याच तासात संपतो असं नाही, तो पुढचे काही दिवस वाढू शकतो.

आमच्या रुग्णावर दोन-तीन मिनिटं सलग दाब होता. महाशिरेचा दाब दोन्ही बाजूंना पोचायला हा वेळ पुरेसा होता.

पहिला निर्णय: हात लावायचा की नाही

उजव्या ग्रंथीबाबत आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पोट उघडून बघणं, शहरात पाठवून एम्बोलायझेशन करणं, किंवा काहीच न करता लक्ष ठेवणं.

सीटीत, त्यासाठी शिरेतून दिलेलं रंगद्रव्य रक्तवाहिनीबाहेर सांडताना दिसत नव्हतं, बीपी दोन पिशव्यांवर टिकलं होतं, यकृताची चीरही शस्त्रक्रियेशिवाय भरणारी होती. ॲड्रिनलमधलं रक्त पोटाच्या पडद्यामागे साचतं आणि तिथल्या तिथे दाबलं जाऊन थांबतं. पोट उघडलं तर तो दाब आपणच काढून टाकतो. शिवाय रक्ताळलेली ग्रंथी हाताळताना ती वाचवता येईलच असं नसतं. बहुतेकदा काढूनच टाकावी लागते. दुसरी ग्रंथी धडधाकट असेल तर त्याने काही बिघडत नाही. इथे दुसरी धडधाकट आहे की नाही हेच नक्की नव्हतं. एम्बोलायझेशनचा उपयोग सीटीत चालू रक्तस्राव दिसला असता तर झाला असता. नसताना मोडक्या बरगड्यांच्या माणसाला रात्री दोन तास ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं कारण नव्हतं.

म्हणून थांबायचं ठरलं. उजव्या छातीत नळी घातली, दुखणं आटोक्यात ठेवलं, सहा-सहा तासांनी हिमोग्लोबिन.

या दुखापतींसाठी पाच पायऱ्यांची एक अमेरिकन श्रेणीपद्धती आहे: साध्या ठेचेपासून ग्रंथी पूर्ण नष्ट होण्यापर्यंत, आणि दोन्ही बाजू असतील तर एक पायरी वर. आम्ही ती नोंदवली. पण तिच्यावरून उपचार ठरत नाहीत, हेही सांगायला हवं. उपचार ठरतात ते रुग्णाचं बीपी आणि शेजारच्या अवयवांच्या जखमांवरून.

दुसरा छोटा निर्णय ४८ तासांनी आला. पायांच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन सुरू करायचं का? मोडक्या बरगड्यांनी खाटेला खिळलेल्या रुग्णात हा धोका खरा असतो, आणि यकृताची चीर स्थिर असली की दोन दिवसांनी हे औषध सुरू करणं सर्वसाधारणपणे मान्य आहे. हिमोग्लोबिन ९.२ वर स्थिर होतं. दिवसाला ४० मिलिग्रॅम सुरू केलं.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी सकाळी परिचारिकेने सांगितलं की पेशंट "मलूल वाटतोय, चहा उलटून पडला". अंगात १०१ ताप. दुपारी बीपी ८४/५०, नाडी १२४. दीड लिटर सलाईन गेलं तरी आकडा हलेना. बीपी चढवणारं नॉरॲड्रिनलिन सुरू केलं, आणि त्याचा डोस दर तासाला वाढवावा लागत होता.

रक्ताचे अहवाल आले. हिमोग्लोबिन ९.०, म्हणजे फारसं उतरलेलं नाही. पांढऱ्या पेशी १३,०००, त्यांत इओसिनोफिल ५ टक्के. सोडियम १२७. पोटॅशियम ५.७. साखर ६२. क्रिएटिनिन १.३. प्लेटलेट १,६०,०००.

सोडियमचे आधीचे आकडे काढून बघितले तेव्हा १३६, १३४, १३१ आणि आता १२७ अशी उतरंड होती. प्रत्येक आकडा त्या-त्या दिवशी एकटाच पाहिला की "सलाईनमुळे असेल" म्हणून सोडून देण्यासारखा होता.

कोणत्या शक्यता, कोणते पर्याय

मार लागलेल्या माणसाचं बीपी चौथ्या दिवशी पडलं की शल्यचिकित्सकाच्या मनात पहिलं नाव रक्तस्रावाचं येतं. ते चूक नाही. यकृतातून उशिरा रक्त सुटू शकतं, त्यात एनॉक्सापॅरिन चालू. पण सोनोग्राफीत पोटातलं रक्त वाढलेलं नव्हतं, छातीच्या नळीतून काही नवं येत नव्हतं, आणि हिमोग्लोबिन जागेवर होतं. फक्त संशयावर पोट उघडायचा एक मतप्रवाह त्या दुपारी होता. तो मागे पडला याचं श्रेय इओसिनोफिलना द्यावं लागेल. ते कसं, ते पुढे येतं.

दुसरी शक्यता जंतुसंसर्गाची. ताप, पांढऱ्या पेशी, नॉरॲड्रिनलिन, सगळं त्यात बसत होतं. छातीत नळी होती, बरगड्या मोडल्यामुळे तो खोल श्वास घेत नव्हता, न्यूमोनियाला वाट मोकळी होती. म्हणून जंतू शोधायला कल्चर पाठवून अँटिबायोटिक सुरू केलं. संसर्गाने बीपी पडलेलं असेल तर इथे वाट बघणं परवडत नाही, हा हिशेब साधा होता.

तिसरी शक्यता फुफ्फुसात गुठळी गेल्याची. खाटेवरच्या एकोमध्ये हृदयाची उजवी बाजू ताणलेली नव्हती. ती बाजूला ठेवली.

चौथी शक्यता ॲड्रिनलची. या शक्यतेकडे ओढणाऱ्या गोष्टी एकेक करून पाहिल्या. सोडियम खाली, पोटॅशियम वर, साखर खाली, उलट्या, सलाईनला दाद न देणारं बीपी. आणि इओसिनोफिल. एवढ्या ताणाखाली असलेल्या माणसाच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनलचं ताणाला तोंड देणारं संप्रेरक, इतकं असायला हवं की इओसिनोफिल जवळजवळ दिसूच नयेत. ते ५ टक्के दिसत होते. हा पुरावा म्हणून कच्चा आहे, जंत असलेल्या माणसात तो फसवेल. पण त्या दुपारी चर्चेची दिशा त्यानेच वळवली.

आक्षेपही होते. पहिला: एकच ग्रंथी दुखावली आहे, दुसरी काम करत असेल तर कॉर्टिसॉल कमी पडणार नाही. दोन्ही ग्रंथींचा मिळून जवळपास ९० टक्के भाग गेल्याशिवाय ही लक्षणं येत नाहीत. हा आक्षेप बरोबर होता, आणि त्याचं उत्तर पहिल्या सीटीतल्या त्या अर्ध्या वाक्यात होतं. किंचित जाड. चित्रं पुन्हा उघडली तेव्हा डाव्या ग्रंथीभोवतीही चरबी धूसर दिसत होती.

दुसरा आक्षेप पोटॅशियमचा: एनॉक्सापॅरिनसारखी हेपरीन गटातली औषधं स्वतःच अल्डोस्टेरॉन (ॲड्रिनलचंच, मीठ धरून पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं संप्रेरक) दाबून पोटॅशियम वाढवतात. खरं आहे. पण त्यांनी साखर उतरत नाही आणि बीपी असं कोसळत नाही. भूल देताना वापरायचं इटोमिडेट हे औषध कॉर्टिसॉल बनणं तात्पुरतं थांबवतं. या रुग्णाला श्वासनळीत नळी घालावीच लागली नव्हती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

तिसरा प्रश्न आपल्याकडे हटकून विचारावा लागतो, आणि तो विचारला गेला तो रुग्णाच्या बायकोला. "ताई, अपघाताआधी कसल्या गोळ्या चालू होत्या का त्यांना?" ती म्हणाली, "रात्री अंग धरलं की दुकानातल्या गोळ्या खातेत. सकाळी मंग फडात उभं राहतेत." किती दिवस? दिवाळीपासून. त्यांच्या कोपीवरून कोणीतरी दुसऱ्या दिवशी कापलेली पट्टी घेऊन आलं, त्यावर नाव उरलेलं नव्हतं. अंगदुखीच्या अशा गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असणं नवीन नाही. महिनोन्‌महिने ते पोटात गेलं की ॲड्रिनल झोपी जाते, आणि अपघाताच्या वेळी जागी होत नाही. म्हणजे या माणसात कॉर्टिसॉल कमी पडायला आता दोन कारणं होती: ग्रंथी फुटलेल्या असणं किंवा झोपलेल्या असणं. दोन्हींत एक फरक असतो. गोळ्यांनी झोपलेल्या ग्रंथीत अल्डोस्टेरॉन चालू राहतं, म्हणून पोटॅशियम सहसा वाढत नाही. इथे ते वाढलं होतं. पण वर म्हटल्याप्रमाणे एनॉक्सापॅरिनही चालू होतं, म्हणून त्या दिवशी यावर शपथ घ्यायची माझी तयारी नव्हती.

क्षयरोगाने आधीच खराब झालेल्या ॲड्रिनल हीही आपल्या देशात विचारात घ्यायची गोष्ट. त्वचा किंवा हिरड्या काळवंडलेल्या नव्हत्या, सीटीत ग्रंथीत चुना साठलेला नव्हता, आधी वजन घटल्याचा इतिहास नव्हता.

काय केलं

इथे एक सुखद गोष्ट होती: कारण कुठलंही असो, त्या तासाला द्यायचं औषध एकच होतं. कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून ठेवलं आणि अहवालाची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. पुढे दर सहा तासांनी ५०. एसीटीएचचा नमुना बर्फात ठेवून लगेच वेगळा करावा लागतो, तो बाहेरच्या लॅबला जातो आणि संध्याकाळी तशी सोय नव्हती. त्यासाठी औषध थांबवणं वेडेपणाचं झालं असतं. एका सहकाऱ्याने डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड सुचवलं होतं, कारण ते कॉर्टिसॉलच्या तपासणीत मिसळत नाही. पण रक्त आधीच काढलं होतं, आणि डेक्सामेथासोनला मीठ धरून ठेवण्याचा गुण जवळजवळ नाही. हायड्रोकॉर्टिसोनला या डोसमध्ये तो पुरेसा आहे. सोबत ग्लुकोज आणि नॉर्मल सलाईन.

सहा तासांत नॉरॲड्रिनलिन निम्म्यावर आलं, सकाळी बंद झालं. रुग्णाने स्वतः भाकरी मागितली.

कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवशी कळलं: २.९ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर. अशा अवस्थेत ते १८ च्या खाली असलं तरी भुवया उंचावतात.

स्थिर झाल्यावर सीटी पुन्हा केला, यावेळी रंगद्रव्याआधीची आणि उशिराची अशी दोन्ही चित्रं घेऊन. उजवी ४.० सेंटिमीटर, आणि डाव्या जागी आता स्पष्ट २.९ सेंटिमीटरचा रक्तगोळा. दोन्हींची घनता रंगद्रव्याआधी आणि नंतर जवळजवळ सारखीच, म्हणजे आत जिवंत ऊती नाहीत, साकळलेलं रक्त आहे. यकृत जसंच्या तसं. कल्चर कोरी आली, अँटिबायोटिक पाचव्या दिवशी बंद केलं.

एनॉक्सापॅरिन लगेच थांबवलं, पायांना हवेने दाबणाऱ्या पट्ट्या लावल्या आणि चार दिवस हिमोग्लोबिन हललं नाही हे बघून ते पुन्हा सुरू केलं. या फेरसुरुवातीवर मतभेद झाले. रक्त पातळ करणारं औषध आणि ॲड्रिनलचा रक्तस्राव यांचं नातं जुनं आहे. हेपरीन गटाच्या औषधाने कधीकधी प्लेटलेट उतरून असा रक्तस्राव होतो, पण इथे प्लेटलेट पुढेही उतरल्या नाहीत, आणि डावी ग्रंथी पहिल्या दिवसापासून जाड होती. औषधाने रक्तस्राव वाढवला असेल, सुरू केला नसेल, असं माझं मत आहे.

घरी सोडताना

खाटेवरून उठवणं सोपं होतं. अवघड होता तो पुढचा भाग: रोज तीनदा गोळी, एकही दिवस न चुकता, अशा माणसाला जो हंगामात फडात असतो, उन्हाळ्यात गावी, आणि ज्याला आपण बरे झालो असं वाटायला लागलेलं आहे. दाखल असतानाचा खर्च सरकारी योजनेत बसला होता. गोळ्या पदरच्या होत्या.

हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५ मिलिग्रॅम आणि अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन ०.१ मिलिग्रॅम असा बेत ठरला. एक पर्याय दिवसातून एकदाच प्रेडनिसोलोनचा होता, स्वस्त आणि विसरायला कमी वाव असलेला. गावच्या औषधाच्या दुकानात काय मिळतं ते फोन करून विचारलं. तालुक्याला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या मिळत होत्या, म्हणून तीच ठेवली, आणि मिळाल्या नाहीत तर प्रेडनिसोलोन किती घ्यायचं ते कागदावर लिहून दिलं.

सगळ्यात जास्त वेळ बायकोशी बोलण्यात गेला. तिला वाचता येत होतं. ताप आला तर डोस दुप्पट, खूप ताप असेल तर तिप्पट. उलटीत गोळी पडली तर पुन्हा द्यायची, दुसऱ्यांदा पडली तर घरी थांबायचं नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन कार्ड दाखवायचं. कार्ड मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: या माणसाच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी काम करत नाहीत, उलट्या किंवा बेशुद्धी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम, मग तपासण्या. हायड्रोकॉर्टिसोनची एक कुपी सोबत दिली. एक कार्ड त्याच्या खिशात, दुसरं गावच्या आशाताईंकडे, तिसरं मुकादमाकडे. मुकादमाकडे द्यावं की नाही यावर मी साशंक होतो, आजारी मजुराला पुढच्या हंगामाला नाकारलं जाण्याची भीती त्यांना होती. निर्णय त्या दोघांवर सोडला, त्यांनी द्यायचं ठरवलं.

दुकानातल्या अंगदुखीच्या गोळ्या बंद, हे वेगळं सांगितलं. त्या थांबवून जे दुखणं उरेल त्यासाठी पॅरासिटामॉल.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी सीटी: उजवीकडे १.४ सेंटिमीटर, डावीकडे १.१, उजवीत चुन्याचा एक ठिपका. आकार असा आटला की मूळचा ट्युमर असल्याचा पहिल्या अहवालातला संशय निकालात निघाला. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनलचा बीपी उसळवणारा ट्युमर, मारानंतर रक्तस्रावाच्या रूपाने समोर येऊ शकतो. त्यासाठी मेटानेफ्रिनची, म्हणजे अशा ट्युमरच्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या द्रव्यांची, तपासणी करायची की थांबायचं हा प्रश्न घरी सोडतानाच होता. तपासणी महाग, आजारपणाच्या ताणात ती खोटीच वाढलेली येते, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी आलेला रक्तगोळा माराने आलेला असण्याचीच शक्यता मोठी. थांबलो. गाठ आटली नसती तर ती तपासणी केल्याशिवाय सुई किंवा सुरी लावली नसती.

सहा महिन्यांनी ग्रंथी जागी झाली का ते तपासलं. आदल्या दुपारनंतर हायड्रोकॉर्टिसोन थांबवून सकाळी रक्त घेतलं: कॉर्टिसॉल ५.१. या चाचणीसाठी पुस्तकांत जे सिनॅक्थेन, म्हणजे कृत्रिम एसीटीएच, लिहिलेलं असतं ते आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याऐवजी ॲक्टन प्रोलाँगेटम हे जास्त वेळ टिकणारं एसीटीएच २५ युनिट स्नायूत देऊन तासाभराने पाहिलं: ९.८. पुरेसं नाही. त्याच सकाळचं एसीटीएच १४८ आलं, सामान्य वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मेंदू ओरडून मागतोय आणि ग्रंथी देत नाही, असा याचा अर्थ. गोळ्यांनी झोपलेली ग्रंथी असती तर एसीटीएच खाली असतं. म्हणजे चौथ्या दिवशी ज्यावर शपथ घेता आली नाही, ते सहा महिन्यांनी स्पष्ट झालं: मुख्य दोष रक्तस्रावाचा. अंगदुखीच्या गोळ्यांनी सुरुवातीला हातभार लावला होता का, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

पावसाळ्यात त्याला जुलाब-उलट्या झाल्या. बायकोने डोस दुप्पट केला, दुसरी उलटी झाल्यावर रात्रीच ग्रामीण रुग्णालय गाठलं आणि कुपी व कार्ड दोन्ही टेबलावर ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि मग आम्हाला फोन केला. क्रम अगदी हवा तसा.

वर्षाने पुन्हा चाचणी केली: कॉर्टिसॉल इंजेक्शनआधी ७.४, नंतर १२.६. सुधारणा आहे, गोळ्या सोडण्याइतकी नाही. फ्लुड्रोकॉर्टिसोन अर्ध्यावर आणलं. पुढच्या हंगामाला जाऊ नकोस असं मी म्हणून पाहिलं. उचल आधीच घेतलेली होती. तो गेला, तोडणीऐवजी गाडी मोजणीच्या कामावर, कमी पैशात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या सीटीत एक जादा फेरी. रुग्ण स्थिर असेल तर टेबलावरून उतरवण्याआधी १०-१५ मिनिटांनी पोटाच्या वरच्या भागाची उशिराची चित्रं घेता येतात. मारानंतरचा सीटी साधारणपणे रंगद्रव्य दिल्यावर एकाच टप्प्यात होतो, आणि त्या टप्प्यात ५८ चा आकडा साकळलेल्या रक्ताचाही असू शकतो आणि रंगद्रव्य शोषलेल्या साध्या ट्युमरचाही. उशिराच्या चित्रात ट्युमर बहुतेकदा फिका पडतो, रक्त तसंच राहतं. संशयाची तीन महिन्यांची टांगती तलवार त्याने टळली असती. अस्थिर रुग्णात मात्र याच्या नादी लागू नये.

एका ग्रंथीत रक्त दिसलं की दुसरीवर एक पूर्ण वाक्य अहवालात असावं, यासाठी आम्ही आता क्ष-किरण विभागाशी ठरवून घेतलं आहे: आकार, कडा, भोवतालची चरबी. डावी धूसर आहे हे पहिल्या रात्रीच लिहिलेलं असतं तर सोडियमच्या आकड्यांकडे तिसऱ्या दिवशी, १३१ ला, वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं असतं आणि कॉर्टिसॉल आधीच पाठवलं गेलं असतं. एका बाजूच्या दुखापतीत सगळ्यांचं कॉर्टिसॉल तपासत बसावं, असं मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंचा संशय असेल तर मात्र रोज सोडियम, पोटॅशियम, साखर एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहायची आणि सकाळचं कॉर्टिसॉल एकदा पाठवायचं.

एनॉक्सापॅरिन ४८ तासांना सुरू करणं आजही योग्य वाटतं, पण सुरू करण्याआधी सोनोग्राफीऐवजी एक सीटी करावा का, यावर आमच्यात एकमत नाही. भूलतज्ज्ञ हो म्हणतात. मला रंगद्रव्याचा दुसरा डोस आणि खर्च त्या टप्प्यावर जड वाटतो.

आणि अंगदुखीच्या गोळ्यांचा प्रश्न दाखल करतानाच विचारायला हवा. आमच्या दाखल-पत्रकात "चालू औषधं" असा रकाना होता. त्यात बायकोने "काही नाही" सांगितलं होतं, कारण दुकानातून आणलेली गोळी तिच्या लेखी औषध नव्हती. आता तिथे वेगळी ओळ आहे: अंगदुखी, गुडघेदुखी, दमा यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या किंवा पुड्या, किती महिने. हंगामात ही ओळ भरणारे किती रुग्ण निघतात ते बघून शल्यविभागाने तोंडात बोट घातलं आहे.